मधला उंचवटा

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात आहे, ते तिथेच राहू दे. तळघरापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळं हॉस्पिटल तिला भिंगरी म्हणतं आणि तीही त्याच नावाला ओ देते. पायाला भिंगरी लागलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिलीत, पण ही बाई म्हणजे कहर. जेवताना उठणार, बोलताना उठणार, फोनवर बोलता बोलता अख्खा जिना चढून परत उतरणार. शाळेत हिला बाकावर उभं राहायची शिक्षा झाली की हिला उलट बरंच वाटायचं, कारण बसायचं तरी नाही! नवरा पुस्तकं शिवणारा बाइंडर. दिवसभर एका स्टुलावर बसून सुईदोरा चालवणारा शांत गृहस्थ. तो म्हणतो, "आमच्याकडे दोन खुर्च्या आहेत. त्यातली एक बावीस वर्षं झाली तरी नवीकोरी आहे."

आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं? तर वजन करायचं. तळघरातल्या शेवटच्या खोलीत एक यंत्र आहे. त्याचं कागदोपत्री नाव पूर्ण उच्चारेपर्यंत चहा निवतो, म्हणून सगळे त्याला काटा म्हणतात. ह्या काट्यावर औषधाचा एकेक कण तोलतात. एकेक म्हणजे अक्षरशः एकेक.

औषध म्हणजे विषाणूचं पोकळ कवच. त्यातला उपद्रवी माल काढून टाकायचा आणि त्याच्या जागी दुरुस्तीचं जनुक भरायचं. ज्या बाळांच्या अंगात ते जनुक जन्मापासूनच बिघडलेलं असतं, त्यांच्या शरीरात हे कवच शिरतं आणि आतला माल पेशीपर्यंत पोचवतं. वरच्या मजल्यावर एक पेशीवाला आहे, तो ही कवचं वाढवतो. पण भरताना घोळ होतो. काही कवचं रिकामीच राहतात, काहींत जनुक अर्धवटच जातं. बाहेरून बघाल तर सगळी सारखी. ओळखायची कशी? वजनावरून.

हलक्या रेणूंचं वजन करणारी यंत्रं ढिगानं आहेत. रेणूंवर विजेचा भार चढवायचा, हजारो एकदम सोडायचे आणि काय दिसतं ते बघायचं. ही कवचं पडली अगडबंब. कुणावर दीडशे भार चढतात, कुणावर एकशे साठ, आणि एकदम सोडली की सगळ्यांचा मिळून असा काही राडा होतो की त्यातून कुणाचंच वजन हाती लागत नाही. म्हणून काट्यात एका वेळी एकच कण पकडायचा. दोन टोकांना विजेच्या भिंती, मधे एक बारकी नळी. कण ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खेपा मारत राहतो, सेकंदाच्या दहाव्या भागात हजारभर. खेपा किती भरभर मारतो त्यावरून एका भारामागे वजन किती ते कळतं. नळीतून जाताना विजेची बारीकशी खूण उमटते, ती किती ठसठशीत आहे त्यावरून एकूण भार किती ते कळतं. दोन्हींचा गुणाकार केला की झालं वजन. मग त्याला सोडायचं आणि पुढच्याला धरायचं. असे पाच-सहा हजार धरून झाले की पडद्यावर आलेख उभा राहतो. हायड्रोजनचा एक अणू म्हणजे एक, ह्या हिशेबानं सदतीस लाखांवर रिकाम्यांचा उंचवटा, एक्कावन्न लाखांवर भरलेल्यांचा. मधे सपाट असायला हवं.

गोम एवढीच की ती विजेची खूण फार नाजूक. आसपासच्या कुठल्याही वायरीतली खरखर तिच्यात मिसळते आणि मग भलत्याच ठिकाणी भलताच उंचवटा दिसायला लागतो. तेरा वर्षांपूर्वी काटा नवीन आला, तेव्हा हीच रड होती. बसवायला आलेला इंजिनियर तीन आठवडे डोकं फोडत होता. भिंगरी त्या वेळी रक्ताच्या नळ्या इकडून तिकडे पोचवायचं काम करायची. ती दारातून जाता जाता म्हणाली, "अहो, अकरा वाजता आणि चार वाजताच होतंय ना? त्या वेळी पलीकडच्या लाँड्रीत पिळायचं मशीन लावतात." इंजिनियर हसला. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माणूस पाठवून बघितलं, तर लाँड्रीची वायर आणि काट्याची वायर एकाच पेटीतून निघालेली. महिनाभरात भिंगरीच्या हातातल्या रक्ताच्या नळ्या गेल्या आणि काट्याच्या किल्ल्या आल्या.

तेव्हापासून खरखर शोधावी तर भिंगरीनंच. कुठली लिफ्ट कधी चालते, कुठला पंप कधी लागतो, कुठल्या मजल्यावरची ट्यूबलाइट फडफडते, सगळं हिच्या वहीत. दिवसभर वणवण करणाऱ्या बाईला हे ठाऊक नसणार तर कुणाला? तेरा वर्षांत अकरा वेळा आलेखात नको तिथे उंचवटा आला आणि अकराही वेळा चोर बाहेरचाच निघाला. काट्यामागच्या भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं कागद लिहून चिकटवला होता: "ह्या भिंतीला काहीही लावू नये. पंखा नाही, मोबाइल नाही, काहीही म्हणजे काहीही!" एकदा खुद्द मोठ्या बाईंनी तिथे दिवा लावला, तर हिनं त्यांनाही सोडलं नव्हतं.

काटा चालू असताना त्या खोलीत कुणी हलायचंही नाही. म्हणजे भिंगरीनं तिथे थांबायचा प्रश्नच मिटला. ती नमुना लावायची, कळ दाबायची आणि बाहेर पडून तळघराच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या सुरू करायची. दारापासून जिन्यापर्यंत चौसष्ट पावलं, परत चौसष्ट. पेशीवाला म्हणायचा, "आत एक खेपा मारतोय, बाहेर एक. दोघांचं वजन एकदमच करून टाका!" मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ होतं, नवऱ्यानं कौतुकानं आणलेलं. वीस हजारांच्या खाली आकडा आला की हिला दिवस फुकट गेल्यासारखं वाटायचं.

त्या कॉरिडॉरमध्ये एक बाक आहे, आणि त्या बाकावर गेले आठ दिवस एक पोरगी येऊन बसत होती. पंचविशीची असेल. पहिल्या दिवशी भिंगरीला वाटलं, वाट चुकून आली. दुसऱ्या दिवशी हिनं फेरी मारता मारता विचारलं, "कुणाला शोधतेयस?"

"कुणाला नाही. वरच्या आयाबाई म्हणाल्या, चिमणीचं औषध इथे मोजतात."

"कोण चिमणी?"

"माझी मुलगी. तिसऱ्या मजल्यावर आहे. ती झोपली की मी खाली येते. तुम्हाला त्रास होत असेल तर जाते."

भिंगरी तशीच जिन्यापर्यंत गेली. कुपीवर फक्त नंबर असतो. कुणाचं औषध आहे हे काट्यावरच्या माणसाला कळू द्यायचं नाही आणि काट्यावरच्या माणसानं नातेवाइकांशी बोलायचं नाही, असा नियमच आहे. पण महिनाभरात येणार होती एकच कुपी आणि बाकावर बसली होती एकच आई! अशा वेळी नियमानं काय करावं? परत येताना भिंगरी बाकापाशी थांबली आणि म्हणाली, "बस तू. मला काही त्रास नाही."

मग रोजचंच झालं. भिंगरी येता जाता एक प्रश्न टाकायची, परत येताना उत्तर घ्यायची, असं गप्पांचं तुकड्या-तुकड्यानं चालायचं. त्यातून कळलं ते असं. चिमणी पावणेदोन वर्षांची. मान धरता येत नाही, बसता येत नाही, गिळायचंसुद्धा अवघड होत चाललंय. डोळे मात्र लखलखीत, घरात कोण आलं कोण गेलं सगळं टिपणारे. हे औषध दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आतच देतात. चिमणीची दोन वर्षं भरायला सात आठवडे उरले होते. आणि औषध मिळतं आयुष्यात एकदाच. एकदा दिलं की शरीर ते कवच ओळखून ठेवतं आणि दुसऱ्या वेळी त्याला दाराशीच अडवतं. म्हणजे जे द्यायचं ते पहिल्याच वेळी चोख असायला हवं.

"चोख असेल ना, ताई?" आठवड्याभरात तिनं हे निदान दहा वेळा विचारलं असेल.

"मोजल्याशिवाय कसं सांगू?" भिंगरी म्हणायची आणि पुढे चालू पडायची. बरोबरच बोलायची. तेवढंच बोलत राहिली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

नवव्या दिवशी सकाळी कुपी आली. तपासणीसाठी वेगळे काढलेले तीन थेंब, बस्स. बाकीचं सीलबंद, ते फोडलं की डोस कमी झाला. भिंगरीनं पहिला थेंब लावला, कळ दाबली आणि बाहेर पडली. बाकावर आई होतीच. भिंगरी फेऱ्या इतक्या भरभर मारत होती की आईनं शेवटी मान खाली घातली.

दोन तासांनी भिंगरी आत गेली. सदतीस लाखांवर उंचवटा, एक्कावन्न लाखांवर उंचवटा. आणि बरोब्बर मधे, चव्वेचाळीस लाखांवर, तिसरा. चांगला गलेलठ्ठ. कवच अधिक अर्धं जनुक, असं वजन.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "दुसरा थेंब लाव," म्हणाल्या. दुसरा लावला. पुन्हा तेच, चव्वेचाळीस लाख. शंभरात अडतीस कवचं अर्धवट. दहापर्यंत चालतात.

"बाई, खरखर असणार," भिंगरी म्हणाली.

"लाँड्री बंद आहे आज. लिफ्ट मी स्वतः थांबवायला लावली."

"तरी खरखरच. मला माहितेय ना. अकरा वेळा..."

"भिंगरी," बाई हळूच म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत अहवाल वर द्यायचा आहे. शोधायचं ते तोपर्यंत शोध."

मग काय! भिंगरीनं खोली पालथी घातली. पेट्या उघडल्या, वायरी हाताळल्या, वही काढून ओळ न् ओळ ताडून पाहिली. कुठे काही नाही. पेशीवाला दारात येऊन उभा राहिला, त्याचा चेहरा पडलेला. त्याची कवचं होती ना. तो म्हणाला, "ह्या वेळी पेशी जरा सुस्तच होत्या. मला धास्ती होतीच." हिनं त्याला हाकलून लावलं. "तुझी धास्ती तुझ्यापाशी ठेव, इथे अपशकुन नको!"

साडेअकराच्या सुमारास ती काट्याच्या मागे पालथी पडून टॉर्च मारत होती, आणि तिला दिसलं. भिंतीवर तिच्याच अक्षरातला कागद, त्याच्या खाली प्लग, आणि प्लगमध्ये एक चिमुकला पांढरा चार्जर. तो कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. काल संध्याकाळी घड्याळ मान टाकत होतं, आकडा होता एकोणीस हजार सहाशे, बाहेरचा प्लग पेशीवाल्यानं अडवलेला. दोनच मिनिटं म्हणून हिनं इथे लावला. घड्याळ काढून घेतलं, चार्जर तिथेच राहिला. रात्रभर, आणि सकाळचे दोन्ही थेंब संपेपर्यंत.

दुसरं कुणी असतं तर त्याला घाम फुटला असता. भिंगरी खुदकन हसली. तिथे जमिनीवर पालथी पडून, केसांत धूळ, आणि ही हसतेय. तेरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःची चूक सापडली, आणि इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. तिनं चार्जर उपटला आणि धावतच बाईंची खोली गाठली.

"बाई, मी गाढव! माझ्यासारखी गाढव दुसरी नाही. हे बघा!"

बाईंनी चार्जर हातात घेतला. "तुझा?"

"माझा! माझाच! मला काढून टाका, मेमो द्या, काय हवं ते करा. शेवटचा थेंब लावू द्या."

बाईंनी तो उलटासुलटा करून बघितला. मग त्यांनी कागद ओढला, तिसरा थेंब वापरायची परवानगी लिहिली, सही केली. देताना एवढंच म्हणाल्या, "लाव. पण निकाल येईपर्यंत कुणाला काही बोलू नकोस. पेशीवाल्यालासुद्धा."

"नाही हो," भिंगरी म्हणाली आणि कागद घेऊन पळाली.

थेंब लावला. ह्या वेळी कण जास्त धरायचे म्हणून तीन तास. कळ दाबली. दार हलकेच ओढून घेतलं. बाहेर बाक, बाकावर आई, तिच्या हातात चुरगळलेला रुमाल. खोलीतली धावपळ तिनं सगळी बघितली होती. पेशीवाल्याचा चेहरा बघितला होता. तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती, तिचा चेहराच पांढराफटक पडला होता.

भिंगरी तिच्यासमोरून एकदा गेली. चौसष्ट पावलं. परत आली. पुन्हा गेली. बोलायचं नाही, बोलायचं नाही, असं प्रत्येक पावलाला स्वतःला बजावत होती. तिसऱ्या फेरीला आईनं विचारलं नाही काही, नुसतं वर बघितलं. झालं. भिंगरीचा बांध फुटला.

"अगं, रडू नकोस. सकाळी गडबड दिसली ती माझ्यामुळे. माझीच चूक, माझा चार्जर राहिला होता तिथे, म्हणून यंत्र भलतंच काहीतरी दाखवत होतं. औषधात काही खोट नाही. तीन तासांत कागदावर येईल बघ."

"म्हणजे चोख आहे?"

"आहे गं, आहे!"

आई उठली. तिनं भिंगरीचे दोन्ही हात धरले आणि ते कपाळाला लावून ती रडली, आणि भिंगरीही रडली. मग आई जिन्याकडे पळाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुणी पळताना पाहिलं. वरून तिचा आवाज आला, कुणालातरी फोन लावत होती. भिंगरीला इतकं हलकं वाटलं, की तिनं नवऱ्याला फोन लावून सांगितलं, "अहो, मी आज मोठ्ठी चूक केलीय!" नवरा घाबरला. ही हसत सुटली.

तासाभरानं तिला राहवेना. आत जायचं नाही, पण दाराच्या काचेतून पडदा दिसतो. तिनं काचेला नाक लावलं. सत्तावीसशे कण झाले होते. सदतीस लाख, एक्कावन्न लाख. मधे थोडंसं काहीतरी. अजून कण कमी आहेत, तिनं स्वतःला सांगितलं. सत्तावीसशेत काय कळतंय डोंबल! आणि ती फेऱ्या मारायला लागली. पण आता पावलं मोजायचं सुचेना. जिन्यापाशी पोचली की परत वळायचं, काचेपाशी आली की बघायचं नाही असं ठरवायचं, आणि बघायचं.

दुसऱ्या तासाला बघितलं. मधलं ते थोडंसं आता थोडंसं राहिलं नव्हतं.

तिसरा तास तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. मनात एकच घोष चालला होता: खरखर असू दे. कसलीही असू दे, कुणाचीही असू दे, दुसरा चार्जर असू दे, छतातून पाणी गळू दे, पण खरखरच असू दे. ती लाँड्रीपर्यंत जाऊन आली. मशीन बंद. लिफ्टपाशी जाऊन आली. बंद. विजेच्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली. पेटी गपगार. सगळी इमारत कधी नव्हे ती शांत होती, आणि तिला ओरडावंसं वाटत होतं.

निकालाला मोठ्या बाई स्वतः आल्या. आठ हजार दोनशे कण. चार्जर काढल्यामुळे आलेख लख्ख झाला होता, तळाची कुसळं गेली होती, प्रत्येक उंचवटा रेखीव उभा होता. आणि मधलासुद्धा. चव्वेचाळीस लाख. जागचा तसूभर हलला नव्हता, उलट सकाळपेक्षा स्वच्छ दिसत होता. शंभरात एकोणचाळीस.

"चार्जरनं काही केलं नव्हतं गं," बाई म्हणाल्या. "थोडी धूळ उडवली असेल, एवढंच."

भिंगरीनं पडद्यावर बोट टेकवलं. "बाई, काटाच बिघडला असेल."

"सदतीस जागेवर आहे, एक्कावन्न जागेवर आहे. मधलाच तेवढा बिघडेल?"

तिनंच हे दहा नवशिक्यांना शिकवलं होतं. तिनं अहवाल ओढला. नाकारलं, ह्या रकान्यापुढे सही करताना पेन दोनदा थांबलं. मग तिनं विचारलं, "पुढची बॅच?"

"अकरा आठवडे. तिची वयाची मुदत सातात संपते. वरचे डॉक्टर समितीकडे सवलत मागतील. मिळेल, नाही मिळेल. मी सांगायला लावते त्यांना, ते नीट समजावतील. तुझं काम संपलं, घरी जा."

"बाई..."

"आता काय?"

"मी सांगून बसलेय तिला. चोख आहे म्हणून."

मोठ्या बाई भडकल्या नाहीत. भडकल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग तूच जा," म्हणाल्या.

बाक रिकामा होता. भिंगरी जिना चढली. हा जिना तिनं आजवर हजारदा चढला असेल, धावत, शीळ घालत. आज प्रत्येक पायरीला कठड्याला धरावं लागलं. तिसऱ्या मजल्यावरची खोली तिला सापडायला वेळ लागला नाही, आतून बोलण्याचा आवाज येत होता. आई खाटेवर बसली होती, मांडीवर चिमणी, एका हातानं तिची मान सावरलेली, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन. भिंगरीनं चिमणीला पहिल्यांदाच पाहिलं. पोरीनं नुसते डोळे फिरवून तिच्याकडे बघितलं, नखशिखांत, अगदी सावकाश.

"अगं आई, थांब थांब, त्या ताईच आल्यात!" आईचा चेहरा फुलला. तिनं फोन पुढे केला. "माझ्या आईला बोलायचंय तुमच्याशी. मघापासून म्हणतेय, त्या बाईंना एकदा दे, एकदा दे."

फोन भिंगरीच्या हातात आला. तिला नको म्हणता आलं नाही. पलीकडून थरथरता आवाज आला, "बाळा, तुझं कल्याण होवो. आमची चिमणी चालायला लागली ना, की पहिली तुझ्याकडे घेऊन येईन. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," भिंगरी म्हणाली.

"बोल की गं काहीतरी. रडतेयस का? अगं आता कशाला रडायचं?"

"आजी," ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं, आई तिच्याकडे बघतेय. बघता बघता त्या चेहऱ्यावरचं हसू कुठे गेलं ते कळलंच नाही. "आजी, औषध चोख नाही. अर्धवट भरलंय. मी मघाशी सांगितलं ते मोजायच्या आधी सांगितलं."

आईनं हात पुढे केला, फोन घेतला आणि बंद केला. चिमणीची मान तिनं आपल्या खांद्यावर टेकवली.

"अर्धं तर अर्धं," ती म्हणाली. "अर्धं तरी द्या."

"देता येत नाही गं. एकदाच देता येतं. हे दिलं तर पुढचं चांगलं आलं तरी चिमणीला चालणार नाही. डॉक्टर सवलत मागणार आहेत, चार आठवडे जास्तीचे..."

"मिळेल?"

भिंगरीच्या जिभेवर आलं होतं, मिळेल गं, मिळेल. तिनं दात दाबून धरले. "माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही मला."

बाहेरच्या पॅसेजमधून कुणाचीतरी ढकलगाडी खडखडत गेली. मग आईनं विचारलं, अगदी हळू, चिमणी दचकू नये इतकं हळू, "मग दुपारी मला का सांगितलंत?"

"मला राहवलं नाही," भिंगरी म्हणाली. "तुझ्याकडे बघवेना."

"मी नऊ दिवस बसले खाली," आई म्हणाली. "तुम्हाला तीन तास गप्प राहवलं नाही, ताई?"